केबलवरची गाठ

दिवाळीत माळा आवरायला काढला की माझ्या हातून आवरणं कमी आणि जुन्या वस्तू घेऊन बसणं जास्त होतं. या वेळी मदतीला दौंडहून भाचा आला होता. वय वर्षं बारा, म्हणजे प्रश्न विचारण्याचं शेवटचं वय. (यानंतर ते आपल्याला विचारत नाहीत, फोनला विचारतात.) वायरींच्या खोक्यातून त्याने एका जुन्या मॉनिटरची केबल ओढून काढली आणि तिच्या टोकाजवळच्या जाड काळ्या फुगवट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आत्या, हिनं काय गिळलंय?"

खरंच तशी दिसते ती. बेडूक गिळून सुस्त पडलेल्या धामणीसारखी. मंडळी, तुमच्याही घरात अशी एखादी केबल असेलच. त्या गाठीच्या आत फेराइट नावाच्या पदार्थाची नळी असते. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये आणखी एकदोन धातूंची ऑक्साइडं मिसळून ती भट्टीत भाजतात, म्हणजे एका अर्थी कुंभारकामच. तार तिच्यातून गेली की संथ विजेला काही फरक पडत नाही, पण सेकंदाला कोट्यवधी वेळा थरथरणारी वीज तिथे अडते आणि तिची किंचितशी ऊब होऊन जाते.

एवढं सांगून मी सुटले असं वाटलं. पण तो म्हणाला, "मग ही काढली तर कॉम्प्युटर बंद पडेल?"

"नाही. उत्तम चालेल."

"मग कशाला लावलीय?"

"शेजाऱ्यासाठी," मी म्हटलं. आणि मग दिवसभर माळा तसाच राहिला.

माझं लहानपण दौंडला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेलं हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. बाबांचा रेडिओ खिडकीत असायचा. त्यात पुणे केंद्र ऐकताना खरखर आली की बाबा नुसत्या आवाजावरून चोर ओळखायचे. सलग गुरगुर आली तर कुणाचा तरी मिक्सर. एकसुरी गुणगुण आली तर ट्यूबचा चोक. टरटर जवळ येऊन लांब गेली तर स्कूटर. आणि मधेच एकदा कडाड झालं की आई वाळत घातलेले कपडे काढायला पळायची, कारण भीमेपलीकडे कुठेतरी वीज पडलेली असायची आणि रेडिओला ते आभाळाच्या आधी कळायचं. पाऊस कितीतरी वेळाने यायचा. क्वार्टर्समध्ये बातम्यांच्या वेळी मिक्सर लावायचा नाही असा अलिखित नियम होता. तो मोडणारीकडे बायका संध्याकाळी जरा कमी बोलायच्या.

हा अलिखित नियम लिहून काढायला जगाला पॅरिसमध्ये बसावं लागलं. १९३३ साली तिथे वेगवेगळ्या देशांचे लोक जमले. रेडिओ घरोघर पोचला होता आणि ट्राम, मोटारी, विजेची यंत्रं त्याचा जीव घेत होती. एका देशाने आपल्या यंत्रांना लगाम घालायचा तर शेजारच्या देशाची यंत्रं कशी मोजायची, हा व्यापाराचाही प्रश्न होता. त्यातून एक आंतरराष्ट्रीय समिती झाली आणि १९३४ साली तिची पहिली बैठक भरली. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'सिस्पर' म्हणतात. आज जगातल्या बहुतेक देशांत संगणकाच्या खरखरीची मर्यादा ठरते ती याच समितीच्या कागदांवरून.

या मंडळींनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते. खरखर मोजायची कशी? नुसती सर्वांत मोठी उसळी मोजली तर तासाला एकदा होणारी 'कट्ट' आणि सेकंदाला शंभरदा होणारी 'टर्र' सारख्याच गुन्हेगार ठरतात. पण ऐकणाऱ्याला एखादी कट्ट चालते, टर्र चालत नाही. म्हणून त्यांनी मोजायच्या यंत्रातच माणसाचा वैताग बसवला. उसळी आली की काटा चटकन चढतो पण सावकाश उतरतो. त्यामुळे उसळ्या वरचेवर आल्या तर आकडा मोठा दिसतो, क्वचित आल्या तर लहान. याला क्वासी-पीक म्हणतात आणि आजही संगणकाची परीक्षा अनेक ठिकाणी याच मापाने होते. म्हणजे नव्वदेक वर्षांपूर्वी रेडिओपाशी कान लावून बसलेला कुणी त्रासलेला माणूस अजूनही त्या यंत्रात बसून आहे.

गंमत अशी की १९३३ याच साली अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरने आपल्या कामाची बातमी जाहीर केली. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेने त्याला समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधायला बसवलं होतं. जुन्या फोर्ड गाडीच्या चाकांवर फिरणारा लांबलचक अँटेना त्याने उभारला. जवळच्या विजांची खरखर सापडली, लांबच्या विजांची सापडली, आणि उरली एक बारीक सूं सूं. ती रोज चार मिनिटं लवकर यायची. सूर्य तसं करत नाही, तारे करतात. ती आकाशगंगेकडून येत होती. एकाच वर्षी पॅरिसमध्ये लोक खरखर मिटवायला बसले आणि न्यू जर्सीत एकाला तिच्यातून आकाशगंगा मिळाली. या दोघांची गाठ पुढे आपल्याच जिल्ह्यात पडणार आहे, पण ते नंतर.

मधल्या काळात संगणक घरात आला.

संगणक मुळात घड्याळाच्या टिकटिकीवर चालतो, आणि ती टिकटिक सेकंदाला लाखो वेळा होते, पुढे कोट्यवधी वेळा. अशी चौकोनी, धारदार टिकटिक एकटी राहत नाही. तिच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट, नऊपट अशी पिलावळ तिच्याबरोबर जन्माला येते. १९७७ साली अमेरिकेत टीआरएस-८० आणि ॲपल टू हे घरगुती संगणक आले आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीवर रेघा दिसू लागल्या. टीआरएस-८० तर जवळ ठेवलेल्या रेडिओवर इतका ऐकू यायचा की काही हौशी लोक त्या खरखरीचाच खेळांच्या आवाजासाठी उपयोग करत! ॲपलवाल्यांनी वेगळी युक्ती केली. संगणक टीव्हीला जोडणारा डबा त्रास देणार हे दिसल्यावर तो डबा त्यांनी स्वतः विकलाच नाही, दुसऱ्या एका छोट्या कंपनीला विकू दिला. अटारीने मात्र १९७९ च्या आपल्या संगणकांत ॲल्युमिनियमचं जाडजूड ओतीव कवच घातलं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने संगणकांसाठी नियम केले. कारखान्या-कचेऱ्यांतली यंत्रं वर्ग 'ए', घरातली वर्ग 'बी'. 'बी'चा नियम कडक, कारण घरात शेजारी भिंतीला भिंत लावून राहतो. पहिला टीआरएस-८० या नियमात बसण्यासारखा नव्हता. १९८० संपता संपता त्याचं उत्पादन थांबलं आणि त्याच्या जागी नवी मॉडेलं आली. पुढे १९८५ मध्ये सिस्परने माहिती-तंत्रज्ञानाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र मानक काढलं, आणि १ जानेवारी १९९६ पासून युरोपात अशी परीक्षा पास झाल्याशिवाय माल विकायची सोय उरली नाही.

अमेरिकी नियमाप्रमाणे यंत्राच्या पाठीवर एक मजकूर छापावा लागतो. त्यात दोन अटी असतात: या यंत्राने कुणाला अपायकारक त्रास देता कामा नये, आणि दुसऱ्याने दिलेला त्रास मात्र याने सोसला पाहिजे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे तर मला लग्नाच्या वेळी कुणीतरी सांगितलं होतं. (सासूबाई, तुम्ही नव्हे. हलकेच घ्या :-))

आता माझ्या कामाचं सांगते, कारण गाठीची खरी गोष्ट तिथे आहे.

लग्न होऊन मी शिरूरला आले आणि काही वर्षं पुण्याकडच्या एका छोट्या कंपनीत जाऊन-येऊन नोकरी केली. कंपनीचं नाव नको. आम्ही वजनकाट्यांचे डिजिटल डबे बनवायचो. वजन दाखवणारा डबा, त्याला एक केबल संगणकाकडे, एक पावतीच्या प्रिंटरकडे. ऊस, कांदा, खत, भंगार, जिथे काही तोललं जातं तिथे आमचा डबा. एकदा युरोपातली ऑर्डर आली आणि आमच्या डब्याला पहिल्यांदाच परीक्षेला बसायची वेळ आली.

परीक्षेची खोली एकदा बघण्यासारखी असते. भिंतींना आणि छताला टोकदार काळे त्रिकोण लावलेले. आत गेलं की आवाज मरतो, कान दडे बसल्यासारखे होतात. खाली धातूची जमीन. मध्ये ८० सेंटिमीटर उंचीचं टेबल, तेही लाकडाचं किंवा तसल्याच विजेला न जुमानणाऱ्या पदार्थाचं, आणि ते गोल फिरणाऱ्या पाटावर. समोर अँटेना, तो १ मीटरपासून ४ मीटरपर्यंत खाली-वर होतो, एकदा आडवा, एकदा उभा. यंत्र सगळीकडून फिरवून, अँटेना सगळ्या उंचींवर नेऊन, सर्वांत वाईट आकडा शोधायचा. चांगला नाही, वाईट! लेकीला बघायला आलेले पाहुणेसुद्धा इतकं निरखून बघत नाहीत.

आणि संगणकाच्या पडद्यावर काय दाखवायचं हेही ठरलेलं. इंग्रजी 'एच' हे एकच अक्षर, ओळीमागून ओळ, पडदाभर, सरकत राहणारं. आम्ही तीन दिवस ते एच बघितले. तिसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी चहावाल्यालाही "दोन एच" सांगितलं असतं.

डबा एकटा ठेवला तेव्हा सुरेख पास झाला. आम्ही पेढ्यांची भाषा करायला लागलो. तिथले एक वयस्कर तपासनीस शांतपणे म्हणाले, "आता त्याच्या सोयऱ्यांना बोलवा." नियमच असा आहे की यंत्राची परीक्षा एकट्याने घ्यायची नाही. प्रत्येक प्रकारच्या तोंडाला निदान एक जोडणी हवी: संगणक, प्रिंटर, जे काही गिऱ्हाईक लावणार ते. केबली जशा टेबलावरून लोंबतात तशा लोंबवायच्या, जास्तीची लांबी गुंडाळून ठेवायची, आणि त्या हलवून हलवून सर्वांत वाईट अवस्था शोधायची.

संगणक आणि प्रिंटर जोडले आणि आलेखावर एकामागून एक सुळे उभे राहिले. सर्वांत उंच सुळा ९९.५ मेगाहर्ट्झला, ऐन एफएमच्या पट्ट्यात. आमच्या डब्यातल्या चिपचा ठेका ११.०५९२ मेगाहर्ट्झचा, त्याचं हे नववं पिल्लू. डबा तोच, ठेका तोच. मग झालं काय? दीड-दोन मीटरची तार या लहरींसाठी जवळजवळ मापाने शिवलेला अँटेना होते. डब्याला ओरडायला तोंड नव्हतं, केबलींनी ते दिलं. त्यासाठी वीज किती लागते माहीत आहे? ५ मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दोन लाखावा हिस्सा, मीटरभर तारेत वाट चुकून शिरला तरी घरगुती वर्गाची परीक्षा नापास व्हायला पुरतो.

दोष निघाला शेंडीत. आमच्या केबलीला वरून तारेची जाळी होती, पण टोकाला ती जाळी पिळून, तिची शेंडी करून, एका पिनेला डाग दिलेला. तपासनीस म्हणाले, "घराला कुंपण घातलंत आणि फाटक उघडं टाकलंत." जाळी कनेक्टरच्या धातूच्या टोपीत चहूबाजूंनी चेपून बसवली, बाहेर फेराइटची गाठ घातली, आणि सुळे खाली बसले. वीज पुरवणाऱ्या भागातही गडबड होती. तिथे एक फिल्टर लागला: दोन गुंडाळ्या आणि चार कपॅसिटर. पास. पेढे खरोखर आले.

मग कंपनीत बैठक झाली. टोपी, गाठ आणि फिल्टर मिळून डब्यामागे काही रुपये वाढत होते. ठरलं असं की बाहेर जाणाऱ्या मालाला हे सगळं लावायचं, आणि इथल्या मालाला नाही. फिल्टरच्या जागी नुसती तार जोडायची, केबलीला पुन्हा शेंडी. "इथे कोण विचारतंय?" हे वाक्य कुणी उच्चारलं ते महत्त्वाचं नाही, कारण खोलीत कुणीच त्यावर काही बोललं नाही. आणि खरंही होतं ते. कायदा आम्ही मोडत नव्हतो. आजसुद्धा आपल्याकडे संगणक, प्रिंटर यांच्यासाठी सक्तीच्या नोंदणीच्या आदेशात भर आहे तो सुरक्षेवर, म्हणजे शॉक लागू नये, आग लागू नये यावर. दूरसंचाराच्या यंत्रांना पुढे विद्युतचुंबकीय परीक्षाही सक्तीची झाली. ज्ञान मात्र आपल्याकडे कधीचं होतं. मुंबईत पवईची 'समीर' ही संस्था १९८४ पासून सूक्ष्मलहरींच्या कामात आहे आणि अशा परीक्षा घेत आली आहे. पण ज्याला माल बाहेर पाठवायचा, तो परीक्षेला जाई. इथल्या डब्याच्या आराखड्यावर 'तपासले' या शब्दाखाली माझी सही आहे.

वर्षभराने एका सकाळी अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, रेडिओत घुरघुर सुरू झाली. अण्णांचा दिवस पुणे केंद्राच्या बातम्यांनी सुरू व्हायचा, ७९२ किलोहर्ट्झ. सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला घुरघुर सुरू, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद, रात्री पुन्हा बंद. त्यांनी रेडिओ दोनदा दुरुस्तीला दिला. दुकानदाराकडे तो ठणठणीत वाजायचा.

मी बाबांची मुलगी. खिशात मावणारा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन विजेच्या तारेच्या कडेकडेने चालत निघाले. चौथ्या दुकानापाशी तो नुसता किंचाळायला लागला. बियाणं-खताचं दुकान. काउंटरवर संगणक, त्याला प्रिंटर, त्याला आमचा डबा. आमच्याच स्टिकरसह.

मी काय बोलणार होते? बाहेरून एक फिल्टर आणून लावून दिला, केबलीवर दोन गाठी चढवल्या. मालक संशयाने बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "वहिनी, वजनात काही फरक नाही ना पडणार?" नाही म्हटलं. "मग आधी काय बिघडलं होतं?" आधीही काही बिघडलं नव्हतं म्हटलं. ते हसले, बाईला कामं नसावीत असं त्यांना वाटलं असेल. अण्णांना मी घरी येऊन सगळं सांगितलं, सहीसकट. ते बातम्या ऐकत होते. संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "असे किती डबे गेले असतील?" मला आकडा माहीत होता. तो मी त्यांना सांगितला, इथे लिहीत नाही.

त्या आकड्याने मला खोडदला नेलं असं म्हटलं तरी चालेल.

शिरूरला घोडनदी म्हणतात ते घोड नदीवरून. नारायणगावची मीना आणि जुन्नरची कुकडी या दोन्ही घोडेला येऊन मिळतात, आणि घोड पुढे भीमेला, जिच्या काठी माझं माहेर. या पाण्याच्या वरच्या टोकाला, नारायणगावजवळ खोडद इथे, जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या: १४ मधल्या साधारण चौरस किलोमीटरमध्ये, १६ इंग्रजी 'वाय'च्या तीन हातांवर, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. या माणसाने १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ छोट्या तबकड्या आपल्या कल्याणला उभ्या केल्या होत्या, मग उटीला दुर्बीण बांधली, आणि मग खोडदला आले. तारेच्या जाळीची तबकडी दोरांवर ताणून हलकी आणि स्वस्त करायची युक्ती त्यांची. २०२० साली ते गेले.

जागा इथलीच का? पुण्यापासून फार लांब नाही, पण डोंगरांचा आडोसा आहे आणि मुख्य म्हणजे शांतता होती. रेडिओची शांतता. जान्स्कीच्या त्या सूं सूं साठी.

त्या अण्णा-प्रकरणानंतर एकदा वहीवर ढोबळ हिशेब केला. समजा एक संगणक वर्ग 'बी'च्या रेषेला टेकून जेमतेम पास झालाय. १० मीटरवर मर्यादा मीटरला सुमारे ३२ मायक्रोव्होल्टची. तो दुर्बिणीपासून एक किलोमीटरवर उघड्यावर ठेवला तर जोर शंभरपट कमी, म्हणजे ०.३ मायक्रोव्होल्ट. खगोलवाले प्रखरता मोजतात त्या मापाचं नावच 'जान्स्की'. त्यात बसवलं तर त्या एका अरुंद सुळ्यापुरता आपला पास झालेला संगणक दोन लाखांहून जास्त जान्स्कीचा निघतो. कॅसिओपिया ए हा आपल्या आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक, तो १५० मेगाहर्ट्झच्या आसपास दहा हजारांच्या घरातला. आणि खोडदचे लोक ज्यांचा माग काढतात ते स्रोत अनेकदा जान्स्कीच्या हजाराव्या भागाचे. दुर्बिणीचं तोंड वर असतं, संगणक तिला तिरपा, कानाच्या पाळीतून ऐकू येतो, हे खरं. तरी आकडा बघून मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं मी 'पास' म्हणजे 'शांत' समजत होते. पास म्हणजे १० मीटरवरच्या रेडिओ ऐकणाऱ्याची तक्रार नाही, एवढंच.

खोडदच्या लोकांनी हे स्वतःवरच आधी लागू केलं. त्यांना संगणक लागतात, ढिगाने लागतात. म्हणून तबकड्यांचे संकेत एकत्र करणारी यंत्रं धातूच्या बंद खोलीत, पिंजऱ्यात, ठेवलेली असतात. तबकड्यांपासून संकेत येतात ते काचेच्या तंतूतून, कारण प्रकाश नेणारी काच ओरडत नाही. बाहेरचा गोंगाट शोधायला माणसं अँटेना घेऊन गावोगाव फिरतात. विजेच्या खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर, केबल टीव्हीचा गळका बूस्टर, असले चोर आवाजावरून पकडतात. बाबांना तिथे नक्की नोकरी मिळाली असती.

पण शांततेची किंमत कुणीतरी मोजतं, आणि ते आमच्याच नात्यात आहेत. दुर्बिणीच्या ३० किलोमीटरच्या आत उद्योग काढायचा तर तिची ना हरकत लागते. त्या वर्तुळाची कड आमच्या शिरूर तालुक्याच्या उत्तरेला शिवते. रांजणगावची औद्योगिक वसाहत चाळीसेक किलोमीटरवर, म्हणजे बाहेर. टीव्ही, फ्रीज, मोटारी तिथे बनतात, आणि नारायणगावकडची पोरं तिथे कामाला येतात. यांचे मामा त्याच भागातले. ते दर लग्नात मला गाठून म्हणतात, "तुमच्या त्या ताऱ्यांनी आमचं काय भलं केलं?" (ते तारे माझे कधी झाले कुणास ठाऊक.)

पुणे-नाशिक रेल्वेने तर कहर झाला. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा थेट मार्ग वर्षानुवर्षं बोलला जात होता. विजेवरची गाडी म्हणजे डोक्यावर २५ हजार व्होल्ट, तारेला घासताना ठिणग्या, आणि आत शेकडो प्रवाशांचे फोन. दुर्बिणीने हरकत घेतली. २०२५ मध्ये रेल्वेने सांगितलं की थेट मार्ग जीएमआरटीमुळे जमणार नाही, नाशिकला अहिल्यानगर-शिर्डीवरून जायचं. मामांचा त्या दिवशी फोन आला. मी रेल्वेवाल्याची मुलगी, माझ्याकडून त्यांना साथ हवी होती.

मला पटकन बोलता आलं नाही. दौंडला १८७८ पासून मनमाडची लाइन आहे. आमचं अख्खं गाव त्या रुळांवर जगलं. गाडी गावात आल्याने काय होतं हे मला कुणी समजावायला नको. शिवाय आमचा स्वार्थही मधे आला: पुणे-अहिल्यानगर असा नवा मार्ग बोलला जाऊ लागल्यावर नगर रस्त्यावरचे आम्ही शिरूरकर कान टवकारून बसलो आहोत. मामांची गाडी हुकली तर कदाचित आमची लागेल. मी त्यांना एवढंच म्हटलं, "मामा, दुर्बिणीचं खरं आहे, तुमचंही खरं आहे." ते म्हणाले, "दोघांचं खरं तर गाडी कुठाय?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. दुर्बिणीने गाऱ्हाणं घातलं ते बरोबरच केलं असं मला वाटतं. तशी दुसरी जागा आता जिल्ह्यात उरलेली नाही. पण ज्या गावांनी शांतता दिली त्यांना बदल्यात २८ फेब्रुवारीच्या आसपासचं विज्ञान प्रदर्शन आणि शाळेची सहल यापलीकडे काहीतरी ठोस मिळायला हवं होतं, आणि ते काम दुर्बिणीचं नाही, सरकारचं आहे.

असो. माळ्याकडे वळू.

खोक्याच्या तळाशी अण्णांचा रेडिओ निघाला. अण्णांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. भाच्याने सेल घातले, खुंटी फिरवली. ७९२ वर नुसती घुरघुर. "बिघडलाय," तो म्हणाला. मी म्हटलं, बिघडला नसेल, घर फिरून बघ.

त्याने एकेक बटण बंद करायला सुरुवात केली. हॉलमधला एलईडी दिवा घालवला, घुरघुर थोडी कमी. देवघरातली चिनी माळ काढली, आणखी कमी. सासूबाई ओरडल्या, "अरे सणासुदीचं अंधार काय करताय?" तरी त्याने फ्रीज, सेट-टॉप बॉक्स, सगळं पालथं घातलं. शेवटी रेडिओ हातात धरून तो माझ्या टेबलापाशी येऊन थांबला आणि तिथे लावलेल्या चार्जरकडे बघत राहिला. माझ्या लॅपटॉपचा. बाजारातून स्वस्तात आणलेला, मूळचा बिघडल्यावर.

त्याने चार्जर उपसला. आतून एक बाई स्पष्ट मराठीत बोलू लागली.

"आत्या," तो चार्जरची वायर बोटांनी चाचपत म्हणाला, "हिला गाठच नाहीये."